सहावी पाकळी

माझं आणि वहिनीचं पटत नाही हे आमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. ती पुढच्या दुकानात फुलं विकायची, मी मागच्या खोलीत निऑनच्या नळ्या वाकवायचो. मागच्या खोलीला स्वतःचं दार नव्हतं, त्यामुळे दिवसातून दहा वेळा मला तिच्या बादल्यांमधून वाट काढत जावं लागायचं. ती मुद्दाम वाटेतच बादल्या ठेवायची आणि मी मुद्दाम एखादीला पाय लावायचो. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच. फक्त आमच्यात विळा कोण आणि भोपळा कोण, यावरही एकमत झालं नसतं.

जागा दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. दादा गेला त्याला सहा वर्षं झाली. जाण्याआधी त्यानं वकिलाला घरी बोलावून एक कागद करून घेतला. जागा बायकोच्या नावे. पण दुकानाच्या दारावर जे निऑनचं फूल टांगलेलं आहे, 'जे मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे, ते जोवर पेटतं आहे तोवर मागची खोली माझ्या धाकट्या भावाकडे राहील. ते विझलं की त्यानं खोली रिकामी करून द्यावी.' विजेचं बिल तिनं भरायचं, देखभाल मी करायची. वकील म्हणाला, असली अट मी जन्मात लिहिली नाही. दादा उशीला टेकून हसला.

"हे दोघं एकमेकांचा गळा धरतील," तो म्हणाला, "पण फुलाला कुणी हात लावणार नाही."

त्या फुलाला सहा पाकळ्या होत्या, प्रत्येक पाकळी म्हणजे एक वेगळी नळी. मध्ये काही नाही, खाली देठ नाही, एक अक्षरही नाही. लग्न ठरत होतं तेव्हा वहिनीनं दादाला कसलं तरी शेंदरी फूल दाखवलं होतं आणि विचारलं होतं, हा रंग तुझ्या नळीत येईल का? बाकीचे रंग आणायला आम्हाला काचेला आतून पूड लावावी लागते किंवा दुसरा वायू भरावा लागतो. पण तो शेंदरी-लाल रंग म्हणजे निऑनचा स्वतःचाच. साधी काच घ्यायची, आतली हवा पंपानं ओढून घ्यायची, चिमूटभर निऑन सोडायचा आणि वीज द्यायची. विजेचे कण त्या वायूच्या अणूंना धडका देतात, आणि प्रत्येक धडकेची परतफेड अणू उजेडानं करतात. वीज बंद केली की नळीत काही दिसत नाही. दादानं तिला एवढंच सांगितलं, "येईल," आणि आठ दिवसांत फूल करून दारावर लावलं. ते एकोणतीस वर्षं पेटत होतं.

भांडणाचं मूळही तेच फूल. संध्याकाळ झाली की त्याचा उजेड तिच्या काचेच्या कपाटावर पडायचा. त्या उजेडात निळा रंग औषधालाही नसतो, हिरवा जवळजवळ नाही. त्यामुळे तिची निळी फुलं काळी दिसायची, पानं जळाल्यासारखी, आणि पांढरी, फिकी गुलाबी, केशरी सगळी एकाच माळेचे मणी. एकदा सकाळी एक गिऱ्हाईक भलामोठा गुच्छ घेऊन परत आलं.

"काल केशरी घेतली होती," तो म्हणाला. "घरी जाऊन बघतो तर पांढरी."

वहिनीनं त्याला गुच्छ बदलून दिला आणि मग माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आत ती कधी येत नसे.

"भावजी, तुमचं फूल माझी फुलं खातं."

"माझं नाही, दादाचं. आणि उजेड खोटं बोलत नाही, वहिनी. जे त्याच्यात आहे तेवढंच दाखवतो."

"मग संध्याकाळचं ते बंद ठेवू या. दोनच तास."

"कागदात 'पेटतं आहे तोवर' लिहिलंय. दोन तास बंद म्हणजे दोन तास खोली तुमची. नको."

पुढच्या आठवड्यात तिनं दारात एक नवी बादली मांडली. आत पोपटी, भडक गुलाबी, जर्द नारिंगी फुलं, डोळ्यांत टोचतील अशी, आणि पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात, 'निऑन फुलं'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला माहीत होतं ते काय असतं. पांढऱ्या फुलांचे देठ रंगाच्या पाण्यात उभे करायचे. तो रंग उन्हातला डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा उजेड गिळतो आणि दिसेल असा करून ओकतो. म्हणून शेजारच्या कागदापेक्षाही फूल जास्त उजळ वाटतं. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात निऑन नावालाही नाही.

"वहिनी, निऑन हा वायू आहे," मी म्हणालो. "त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो कुणाशी जमवून घेत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखा," ती म्हणाली आणि दोन गिऱ्हाइकं हसली.

मजा अशी की संध्याकाळी दादाच्या फुलाचा उजेड पडला की ती 'निऑन फुलं' मेल्यासारखी मलूल दिसायची. दादाच्या फुलात त्यांना गिळायला काही नव्हतंच. मी दारात उभा राहून ते बघत असे आणि मला बरं वाटत असे. हे वहिनीच्या लक्षात आलं. तिनं कपाटाच्या वर एक जाड ताडपत्री बांधली, अशी की रस्त्यावरून येणाऱ्याला दादाचं फूल अर्धंच दिसावं.

त्याच दिवसांत दारातल्या वेलीवरूनही वाजलं. तिच्या एका वेलीचा शेंडा माझ्या वाटेत लोंबत होता, तो मी सुतळीला गुंडाळून टाकला. दुसऱ्या दिवशी शेंडा सुटून पुन्हा लोंबत होता. मी परत गुंडाळला.

"उलटा गुंडाळताय," वहिनी आतून म्हणाली. "प्रत्येक वेलीचा पीळ ठरलेला असतो. ही डावीकडून चढते. तुम्ही कितीही बांधा, ती सोडवून घेईल."

"तुम्ही मला वळणं शिकवू नका. चाळीस वर्षं काच वळवतोय."

"काच वळवताय, म्हणून तर सांगतेय." तिनं येऊन दोन बोटांनी शेंडा दुसऱ्या बाजूनं वळवला आणि तो राहिला. दादा माझ्याबद्दल म्हणायचा, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. वहिनीनं ते वाक्य त्या दिवशी मला ऐकू जाईल इतपत आवाजात वेलीला सांगितलं.

ताडपत्रीचा राग मनात होताच, त्यात हे. मी दुसऱ्याच दिवशी दादाच्या फुलाचा ट्रान्सफॉर्मर काढला आणि दुप्पट प्रवाह देणारा बसवला. फूल असं पेटलं की ताडपत्रीच्या शिवणींतूनसुद्धा लाल रेघा तिच्या कपाटावर पडायला लागल्या. आठ दिवस मी राजा होतो.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी रस्त्यापलीकडून बघितलं तर खालच्या उजव्या पाकळीचा रंग उतरला होता. शेंदरीऐवजी मळकट गुलाबी. आमच्या धंद्यात हा रंग म्हणजे डॉक्टरनं चष्मा काढून खाली ठेवणं. कुठेतरी हवा शिरते आहे. आज गुलाबी, चार दिवसांनी जांभळट, मग ती नळी प्रवाह सोडेनाशी होते. आणि सहाही पाकळ्या एकाच तारेत एकापाठोपाठ जोडलेल्या. एक अडली की फूल गेलं, फूल गेलं की खोली गेली.

पहिला संशय अर्थात वहिनीवर. ओलं फडकं लावलं असेल, बादली आपटली असेल, काय वाटेल ते. सकाळी ती फुलबाजारात गेल्यावर मी शिडी लावून पाकळी उतरवली. आत जिथं तार काचेतून शिरते, त्या सांध्याला केसाएवढी चीर होती. आतलं लोखंड तापून तापून काळं पडलेलं. फडक्यानं असं होत नाही. असं जास्त प्रवाहानं होतं. दादानं जेवढा ठरवून दिला होता त्याच्या दुप्पट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी स्वतः शिडी लावून करून घेतलं होतं.

हे मी तेव्हा कबूल केलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वहिनीसमोर कबूल करायचं? त्यापेक्षा काच खाल्ली असती. मी मरतुकडी पाकळी तात्पुरती परत लावली, जुना ट्रान्सफॉर्मर बसवला आणि मागच्या खोलीत नवी पाकळी करायला घेतली. दादाचा मूळ नकाशा, जळक्या कडांचा, खिळ्याला होताच. त्याच जाडीची काच. ज्योतीत नळी मऊ होऊन लोंबायला लागली की एका टोकाची रबरी नळी तोंडात धरून हलकी फुंकर घालत राहायची, नाहीतर वळणावर काच आत बसते. पाकळीच्या टोकाशी दादानं जो वळसा दिला होता तो इतका घट्ट होता की माझ्या दोन नळ्या तिथं बसल्या. तिसरी जमली. मग पंपाला लावून हवा ओढली, जबर वीज सोडून काच आतून भाजून काढली, निऑन भरला, आणि पंपाकडे जाणारी बारीक काडी ज्योतीत वितळवून, मनगटाला एक गिरकी देऊन तोडली. तिथं एक छोटं टोक राहतं. खोली अंधारी करून मी पाकळी पेटवली. रंगात तसूभर फरक नव्हता. असणार कसा? निऑन काही दादाचा वेगळा आणि माझा वेगळा नसतो.

मंगळवारी वहिनी पहाटे बाजारात गेली ती नेहमीसारखी दहापर्यंत येणार नव्हती. आठ वाजता नवी पाकळी जागेवर होती. जुनी पाकळी मी खोलीत आणली. पुरावा ठेवायचा नाही म्हणून फडक्यात गुंडाळून तिच्यावर हातोडी मारली आणि चुरा भंगार काचेच्या पिंपात ओतला. दादाच्या हातची ती वस्तू होती आणि मी हातोडी मारली, हे मला त्या वेळीही कळत होतं. पण दाराशी बादली सरकल्याचा आवाज आला असं वाटलं, आणि मी दुसऱ्यांदा मारली. बाहेर कुणीच नव्हतं.

चार दिवस फूल झकास पेटलं. मी बादल्यांमधून जाताना शीळसुद्धा घातली. तेवढी एक चूक सोडली तर मी अगदी नेहमीसारखा वागत होतो.

शनिवारी दुपारी वहिनीचा आवाज आला. "भावजी, जरा बाहेर या."

फूल बंद होतं. शिडी लावलेली होती आणि ती एप्रनला हात पुसत खाली उभी होती. तिच्या खांद्यावर मऊ फडकं होतं, चष्मा पुसायचं असतं तसलं.

"तुम्ही फूल पुसता?" मी विचारलं.

"दर शनिवारी. पुढून आणि मागून. देखभाल तुमची होती, कागदावर." तिनं शिडीकडे बोट केलं. "चढा. मागच्या बाजूनं बघा."

मी चढलो. मागून बघितलं तर तारा, कड्या, काच. सगळं ठीकठाक होतं.

"काय बघू?"

"टोकं मोजा. जिथं नळी बंद केलीय ती."

"सहा."

"आता त्यांचा पीळ बघा."

मी वाकलो. चाळीस वर्षं मी असली टोकं करत आलो आणि एकाकडेही कधी निरखून बघितलं नव्हतं. मऊ काच पिरगाळून तोडताना तिच्यावर बारीक रेघा उमटतात, स्क्रूवर असतात तशा. पाच टोकांवर त्या रेघा डावीकडे चढत होत्या. सहाव्यावर उजवीकडे. दादा डावखुरा होता. मी जन्मभर त्याच्या पुढच्या बाकावर बसून काम केलं, आणि हे माझ्या एकदाही मनात आलं नाही.

"काचेला कसला पीळ," मी वरूनच म्हणालो. "ज्योत जशी लागेल तसा येतो. कधी इकडे, कधी तिकडे."

"वीस वर्षं मी ह्यांचा डबा घेऊन त्या खोलीत येत होते," वहिनी म्हणाली. "काम संपेपर्यंत उभी राहायचे. टोक तोडताना मनगट एकदाही दुसऱ्या बाजूला गेलं नाही. तुम्ही आम्हा दोघांकडे पाठ करून बसायचात, तुम्हाला कसं दिसणार? खाली उतरा."

मी उतरलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मी ताडपत्रीवरून बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिनं विचारलं, "ह्यांची पाकळी कुठाय?"

मला वाटलं होतं ती आधी खोलीचं काढेल. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"फुटली."

"फुटली की फोडली?"

मी पिंपाकडे बघितलं असणार, कारण ती माझ्या पुढून निघाली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीचा उंबरा ओलांडून आत गेली. पिंपापाशी थांबली. आत वर्षभराची फुटकी काच होती, कमरेपर्यंत.

"भावजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, "वळताना फुंकर घालावी लागते ना? नाहीतर काच आत बसते."

"हो. पण ती हवा राहत नाही आत. पंप सगळी ओढून घेतो."

"हवेचं नाही विचारलं. वळसा कशामुळे गोल राहतो, ते विचारलं."

तो वळसा गोल ठेवणारी फुंकर दादाची होती. ती पिंपात हात घालायला लागली तेव्हा मी तिला बाजूला केलं. हातमोजे शोधायचं सुचलं नाही. अर्धा तास मी त्या काचेत उकरत होतो. वळशाचे सगळे तुकडे झाले होते, एकही ओळखू येत नव्हता. शेवटी एक टोक सापडलं, शेंगदाण्याएवढं. रेघा डावीकडे चढणाऱ्या. माझ्या बोटांना रक्त होतं, ते तिनं त्या मऊ फडक्यानं पुसलं. माझ्या बोटांवरचं नव्हे, टोकावरचं.

"चीर गेली होती," मी म्हणालो. आता सांगून काय उपयोग, पण तोंडातून आलं. "प्रवाह मी वाढवला होता. माझ्यामुळे झालं. मग वाटलं, फूल विझलं तर तुम्ही..."

"एक पाकळी काढून तार पुढच्या पाकळीला जोडता आली नसती?"

"आली असती."

"मग पाच पाकळ्यांचं पेटलं असतं. पाच पाकळ्यांची फुलं मी रोज विकते." तिनं टोक एप्रनच्या खिशात टाकलं. "ह्यांच्या हातचं, पेटतं. मी चकार शब्द काढला नसता. मला खोली हवीय, भावजी, रोज हवीय, फुलं सडतात माझी. पण मी ते फूल विझायची वाट बघत होते असं वाटलं तुम्हाला?"

वाटलं होतं. सहा वर्षं रोज वाटलं होतं.

"आता तुमची ती पाकळी काढा," ती म्हणाली. "शिडी मी धरते."

मी माझी पाकळी उतरवली, तार जोडली, बटण दाबलं. पाच पाकळ्यांचं फूल लागलं. खालच्या उजव्या बाजूला एक भगदाड, त्यातून भिंत दिसत होती. वहिनीनं थोडा वेळ बघितलं.

"पेटतंय," मी म्हणालो. लाज नावाची गोष्ट मला उशिरा सुचते. "म्हणजे कागदाप्रमाणे अजूनही..."

"पेटतंय. पण त्यातली एक तुम्ही हातोडीनं विझवलीत. वकिलाला हवं तर विचारा, मी नाही अडवणार." ती शिडी मिटत म्हणाली, "महिनाअखेर सामान काढा."

मी वकिलाकडे गेलो नाही. गेलो असतो तर कदाचित जिंकलोही असतो. पण पिंपात उकरताना ती ज्या नजरेनं माझ्या हातांकडे बघत होती, तिच्यासमोरून रोज दहा वेळा जायची माझ्यात ताकद नव्हती. बादल्यांना पाय लावायची तर नाहीच.

आता गॅरेजमागच्या एका पत्र्याच्या खोलीत माझा पंप आहे. तिला स्वतःचं दार आहे. त्या रस्त्यानं मी जात नाही, पण परवा नळ्यांचं खोकं घेऊन जाताना नाइलाज झाला. फूल लागलेलं होतं, पाच पाकळ्यांचं. ताडपत्री काढून टाकलेली. माझ्या खोलीच्या जागी शीतखोली झाली होती. संध्याकाळी फुलं तिथं आत ठेवते बहुतेक, कारण कपाट रिकामं होतं आणि लाल उजेड नुसत्या काचेवर पडला होता. तिनं मला बघितलं. मान हलवली नाही, मीही नाही.

काम संपल्यावर रोज एखादी वाया गेलेली नळी घेऊन मी ज्योतीपुढे बसतो आणि टोक डावीकडे पिरगाळून तोडायचा प्रयत्न करतो. कशासाठी, ते मला विचारू नका. काच मऊ होते, मी मनगट वळवतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी ते आपोआप उजवीकडे जातं.